बेर्टासाठी लाकूड

१ सप्टेंबर १९९६, रविवार

आलो एकदाचा, आणि चांगला आलो. सगळं सामान एका खेपेत मावलं, काचेचं काही फुटलं नाही, पाऊस आला नाही आणि टेम्पोवाला वाटेत बियर प्यायला थांबला नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने घर बदलू नये असं सगळे म्हणत होते. म्हणोत. ट्राउडल गेल्यापासून न्यूरेंबर्गच्या त्या चौथ्या मजल्यावर जिन्याच्या पायऱ्या मोजण्यापलीकडे मला काम उरलं नव्हतं. माझ्या बायकोला आयुष्यभर डोंगराकडे राहायला यायचं होतं. तिच्याऐवजी आता मी आलोय. मी आणि बेर्टा.

बेर्टा म्हणजे ट्राउडलचा मासा. वीतभर लांब, काळसर, अंगावर ठिपके, तोंडाने काचेला चिकटून बसण्याची सवय. वय पंधरा. आणली तेव्हा मादी समजून नाव ठेवलं. पुढे नाकावर मिशीसारखे फाटे फुटले आणि गालांवर काटे आले, तेव्हा कळलं की हा नर आहे. ट्राउडल म्हणाली, आता नाव बदलून बिचारीला गोंधळात टाकू नकोस. तेव्हापासून बेर्टा ती बेर्टाच. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ट्राउडलने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "तू स्वतःचे काय हाल करशील ते कर, लोरेन्झ, पण तिला उपाशी ठेवू नकोस."

घर छान आहे. पूर्वी गिरणीतला गडी इथे राहायचा. गिरणी कधीच बंद झाली. दोन खोल्या, मागे कपडे धुवायची दगडी फरशीची खोली. तेवढी सोडली तर सगळं लाकूडच लाकूड. जमीन लाकडी, छत लाकडी, शेगडीभोवतीचं बाकडंही लाकडी. ट्राउडलची पेटी, तिचं लाटणं, तिची खुर्ची इथे शोभून दिसतात.

शेजारीण क्रेसेन्झ किल्ली घेऊन उभी होती. ऐंशीची आहे. झेन्झी म्हणा, म्हणाली. नव्या घराला म्हणून तिने पाव आणि जाड्या मिठाची चांगली मोठी पिशवी आणली होती. टाकीकडे बघून तिने विचारलं, "एवढ्याशा माशाला एवढं मोठं घर, आणि तुम्हाला एवढीशी खाट?" मला हसू आलं. किती दिवसांनी. उद्या ती गुडघ्याच्या ऑपरेशनला श्ट्राउबिंगला जातेय, महिना दीड महिना येणार नाही. वाईट वाटलं.

संध्याकाळी वाटेवरच्या देवळीपर्यंत, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरापर्यंत, फिरून आलो. तिथल्या झाडाखाली फळ्या उभ्या आहेत, माणसाएवढ्या उंच, वर छोटं छप्पर. इकडे मेलेल्या माणसाला ज्या फळीवर ठेवतात ती पुढे नाव घालून वाटेवर उभी करतात. आम्ही न्यूरेंबर्गचे प्रोटेस्टंट, आमच्याकडे ही पद्धत नाही. जुन्या वळणाची अक्षरं, मला लागली नाहीत. सहावीनंतर शाळा सुटली माझी.

ही वही ट्राउडलची, दुधाच्या हिशोबाची. अर्धी कोरी आहे. पेन गळतं म्हणून सुतारी चपट्या पेन्सिलीने लिहितोय.

५ सप्टेंबर, गुरुवार

आनंदात होतो म्हणूनच हे व्हायचं होतं. टाकीतलं जुनं मूळ, ज्याच्यावर बेर्टा पंधरा वर्षं बसली, प्रवासात भुगा झालं. हात लावला तर लापशी. आणि या जातीच्या माशाला लाकूड लागतं, नुसतं बसायला नाही, खायला. ती ते खरवडते, त्याच्याशिवाय तिला पचत नाही. काकडी दिली, चाटून सोडली. पोट आत गेलंय.

गावातल्या दुकानातून ओडॉर्फरसाहेबांना फोन केला. हे तालुक्याच्या मत्स्यप्रेमी मंडळाचे अध्यक्ष आहेत. बोलायला लागले की थांबत नाहीत. माशांच्या दुकानातलं मूळ घ्या म्हणाले. बसने जाऊन आणलं. दोन तास जायला, दोन तास यायला.

१४ सप्टेंबर, शनिवार

दुकानातल्या मुळाकडे ती ढुंकून बघत नाही. नऊ दिवस. बरगड्या दिसत नाहीत माशाच्या, पण दिसत असत्या तर मोजता आल्या असत्या. पुन्हा ओडॉर्फर. आता म्हणतात, दुकानातलं नाहीच आवडत काहींना. सर्वांत उत्तम म्हणजे वाहत्या पाण्यात वर्षानुवर्षं पडलेलं ओकचं लाकूड. मग आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं. म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत.

पण आज मिळालं. घरामागच्या ओहोळात, झेन्झीच्या खुराड्याकडे जायच्या पायवाटेवर, अर्धं चिखलात, अर्धं पाण्यात. पूर्वी कधी ओलांडायला टाकलेली फळी असावी. आता हातभर लांबीचा तुकडा उरलाय, पाण्याने खाऊन खाऊन मुळासारखा वाकडातिकडा, एका टोकाला सडून केसांसारखा झालेला. पण ओक. ट्रामच्या डेपोत चाळीस वर्षं काढली आहेत, जुन्या डब्यांच्या जमिनी ओकच्या असायच्या, मला ओक वासावरून कळतं. ओढून काढायला अर्धा तास लागला. चिखल सोडत नव्हता. कंबर धरली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कोण म्हणतं लाकूड पाण्यात टाकलं की झालं. ओडॉर्फरनी फोनवर पाठ करून घेतल्यासारखं सांगितलं. आधी चाकूचं टोक खुपसून बघा. जिथे आत जाईल तिथे सडलंय, ते सगळं काढा, टणक गाभा लागेपर्यंत. सडका कण राहिला तर टाकीतलं पाणी नासेल आणि मासा मरेल. मग तारेचा ब्रश. मग जाड्या मिठाच्या पाण्यात तीन दिवस. मग उकळा, कमीत कमी सहा तास. मग रोज पाणी बदलत भिजत ठेवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

दोन दिवस खरवडतोय. अर्ध्याहून जास्त भाग निघून गेला. भुशाने खोली भरली. बोटांत कुसळं. आत मात्र गाभा असा कठीण, की चाकूचं टोक मोडलं. मीठ झेन्झीने दिलेलंच वापरलं, सगळी पिशवी. ती आली की नवी आणून देईन.

२१ सप्टेंबर, शनिवार

कपडे उकळायच्या हंड्यात लाकूड मावत नाही. एक टोक बाहेर. म्हणून आधी हे टोक सहा तास, मग उलटं करून ते टोक सहा तास. सरपण संपलं. काचा धुरकटल्या. वास सुरुवातीला चामड्यासारखा, मग कुणीतरी आजारी माणूस पडून असलेल्या खोलीचा. खिडक्या उघडल्या तर सर्दी झाली.

पाणी कडक चहासारखं तपकिरी. ओतलं, नवं घातलं, पुन्हा तपकिरी.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

रोज बारा बादल्या. पाणी काही केल्या स्वच्छ येत नाही. ओडॉर्फर म्हणाले, धीर धरा. त्यांच्या बापाचं काय जातंय. बेर्टा काचेच्या कोपऱ्यात पडून असते. काल बोट लावलं तरी हलली नाही. मी ट्राउडलच्या फोटोकडे बघायचं टाळतोय.

आणि हे लाकूड बुडत नाही. एवढं जड, मला जेमतेम उचलवतं, तरी पाण्यावर येऊन पडतं. विटा ठेवल्या, सकाळी विटा बाजूला. आता त्याच्या पोटाला पाटीचा दगड स्क्रूने बसवायचा म्हणे. दोन ड्रिल मोडले.

२ ऑक्टोबर, बुधवार

बसलं. पाणी अजून किंचित पिवळं आहे, पण आता थांबलो तर ती मरेल म्हणून टाकीत ठेवलंच. आणि बेर्टा! पाच मिनिटं झाली नसतील, कोपऱ्यातून सरळ आली आणि चिकटली. काचेला कान लावला तर ऐकू येतं, खर्र, खर्र, खर्र. खातेय. महिन्यात पहिल्यांदा खातेय. मी खुर्चीत बसून रडलो, लिहायला काय हरकत आहे. इथे कोण वाचतंय.

आज झाडताना खराट्याचा दांडा मधोमध मोडला. आतून पावासारखा मऊ. नवा होता.

९ ऑक्टोबर, बुधवार

बेर्टा जाड होतेय. रंग परत आला. ती लाकडावरून हलतच नाही, पोटाखालून खाते, वरून खाते.

बाकी घराचं विचारू नका. घर ओलं आहे, घरमालकाला पत्र लिहिलं. लाकडी चमचा आमटीत ठेवला, काढला तेव्हा फक्त दांडी हातात. पाव कापायची फळी भुसभुशीत झाली. ट्राउडलच्या लाटण्यावर पांढरी बुरशी, पुसली, दुसऱ्या दिवशी परत. मी भिंती तपासल्या. भिंती कोरड्या ठणठणीत. स्वयंपाकाचं बारीक मीठसुद्धा कोरडं. मग ओल आहे कुठे?

बेर्टाने लाकडाची एक बाजू खाऊन गुळगुळीत केली तिथे खाचा दिसतात. मला वाटलं कीड. नीट बघितलं तर अक्षरं आहेत. कोरलेली, जुन्या वळणाची. मला लागत नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

ट्राउडलची खुर्ची गेली. मी बसलोही नव्हतो, नुसता पाठीला हात लावला आणि ती कोसळली, आवाजसुद्धा नाही. चव्वेचाळीस वर्षांची खुर्ची. तिच्या आईची. मी तुकडे गोळा करत होतो आणि ते बोटांत मळले जात होते. इतका संताप आला, की घरमालकाच्या नावाने ओरडलो, एकटाच.

लिहू की नको. सकाळी उठलो तेव्हा खाटेची उजवी बाजू, ट्राउडलची बाजू, खचलेली होती. गादी उचलली. खालच्या पट्ट्या कुजल्यात, पण सगळ्या नाहीत. खांद्यांच्या जागी रुंद, मग कंबर, मग पाय. ट्राउडल एवढी रुंद नव्हती. मीही नाही.

आता जमिनीवर झोपतो.

२० ऑक्टोबर, रविवार

झेन्झी परत आली. काठी टेकत आली आणि नमस्कार चमत्कार न करता विचारलं, खुराड्याच्या वाटेवरची फळी कुठे गेली. साठ वर्षं ती रोज दोनदा तिच्यावरून जायची. आज पाय टाकायला गेली तर ओहोळात पडता पडता वाचली.

मी म्हटलं, ती तर मी काढली, बेर्टासाठी, बघा किती सुंदर झालीय. मी तिला टाकीसमोर नेलं. मला वाटलं ती काहीतरी टोमणा मारेल. ती वाकून अक्षरांकडे बघत राहिली. बोटाने काचेवर एक एक अक्षर लावून वाचलं. "या फळीवर विसावला इग्नाझ रेट्टनबेक, गिरणीवाला. जो ओलांडेल त्याने एक प्रार्थना—" पुढचं सडून गेलं होतं, म्हणजे मी खरवडून टाकलं होतं.

मी म्हटलं, पण त्या फळ्या तर देवळीपाशी उभ्या असतात. ती म्हणाली, काहींच्या उभ्या करतात, काहींच्या पाण्यावर आडव्या टाकतात, म्हणजे येणाराजाणारा पाय ठेवेल आणि पाय ठेवताना दोन शब्द बोलेल. फळी कुजते तसतसा तो माणूस सुटत जातो. फळीचा शेवटचा तुकडा मातीत मिळाला की त्याचं भोगणं संपलं. म्हणून सगळ्यांना स्वस्तातलं देवदार देतात, पंचवीस तीस वर्षांत मोकळा. या गिरणीवाल्याने उपासमारीच्या सालात पिठात खडू मिसळला होता. तो मेल्यावर त्याच्या बायकोने मुद्दाम ओक निवडला. म्हणाली होती, थांबू दे त्याला.

"सव्वाशे वर्षं थांबला," झेन्झी म्हणाली. "माझी आजी म्हणायची, मी म्हणायचे. देव तुला विश्रांती देवो, इग्नाझ, आणि पाय टाकायचा. केवढासा उरला होता. दोन हिवाळे, फार तर तीन." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "सडका भाग काय केलात?"

"काढला."

"सगळा?"

"चाकू मोडेपर्यंत."

"मीठ?"

"तुम्ही दिलेलं."

ती खाली बसायला गेली आणि बसली नाही, बाकड्याकडे बघून तशीच उभी राहिली. "आणि उकळलंतही असेल."

"दोन्ही टोकं," मी म्हटलं. "सहा सहा तास."

तेव्हा ती हसली, पण ते हसणं नव्हतं. म्हणाली, अहो शहरकर, माणसाला मेल्यावर कुणी असं जपून ठेवत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मी या गोष्टी मानत नाही. पण खराट्याचा दांडा दोन तारखेला मोडला, आणि दोन तारखेलाच लाकूड टाकीत गेलं. मागे उलटून वाचलं तर सगळं तेव्हापासूनचं आहे. या घरात जे लाकूड आहे ते कुजतंय, आणि जे कुजायचं होतं ते कुजत नाही.

आज परत नेऊन टाकायचं ठरवलं. झेन्झी बरोबर. पोत्यात गुंडाळून उचललं, ओहोळापर्यंत कसंबसं आणलं, ठेवलं. आणि बघतो तर खालच्या बाजूला बेर्टा. चिकटलेली. हवेत, पाण्याबाहेर, गालांचे काटे लाकडात रुतवून. मी ओढलं तर तिचं तोंड फाटेल असं वाटलं. ओहोळाचं पाणी बर्फासारखं, त्यात ती तासभर जगली नसती. झेन्झी म्हणाली, राहू दे ना तिला तिथेच, एक मासा तो. मी म्हटलं, माझ्याकडे तेवढंच आहे. तिने लाकडाला नखाने ओरखडा काढून पाहिला. नख तुटलं, लाकडावर रेघ नाही. म्हणाली, आता हे इथे टाकलं तरी तीनशे वर्षं असंच राहील. तुम्ही याचं लोखंड केलंत.

धावत परत आणलं. धावत म्हणजे माझ्यासारखा धावतो तसा. बेर्टा जिवंत आहे. पाण्यात पडताच पुन्हा खायला लागली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आली आणि हुरूप आला. लोखंड झालं असेल, पण बेर्टा ते खाते. करवत चालत नाही, पेटवलं तर पेटत नाही (शेगडीत एक कोपरा धरून पाहिला, नुसता घाम आला त्याला), पण तिचे दात चालतात. मोजलं. तीन आठवड्यांत करंगळीच्या जाडीएवढं गेलं. ती खाते, बाहेर टाकते, गाळ तळाशी जातो. तो गाळ मी बादलीने ओहोळात ओततो. म्हणजे मातीत मिळतंच की ते.

झेन्झीला सांगितलं. ती म्हणाली, पोपला विचारावं लागेल, पण मला वाटतं हे चालेल.

हिशोब केला. अडीच वर्षं. बेर्टा वीस वर्षं जगू शकते, ओडॉर्फर म्हणतात. जमेल. मला फक्त तिला सांभाळायचंय. तेच तर करत होतो.

टाकी मागच्या खोलीत दगडी फरशीवर हलवली, लाकडी टेबलाचा भरवसा नाही म्हणून. झेन्झीने एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने टाकीची कड धरली. रात्री टेबल गेलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

छत बोलतं. पुढच्या खोलीत जात नाही. जमिनीवर पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो.

झेन्झीने तिच्याकडे राहायला बोलावलं, मासा इथे राहू दे, दिवसातून दोनदा येऊन बघा म्हणाली. गेलो. तिच्या शेगडीपाशी बसलो, कॉफी, प्लमचा केक. पहिल्यांदा उबदार वाटलं. तासाभराने बाकडं माझ्याखाली ओलं लागलं. उठून बघितलं. जिथे मी बसलो होतो तिथेच, तेवढंच, काळं आणि मऊ.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी टोपी घेतली.

म्हणजे घर नाही. मी. ज्याने खरवडलं तो.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज सर्व मृतांचा दिवस. गाव देवळीपाशी फळ्यांसमोर मेणबत्त्या लावून उभं होतं. मी लांबून पाहिलं. त्या फळ्यांजवळ जायची हिंमत नाही, माझ्यामुळे— पण खरं तर त्यांचं भलंच होईल. नाही गेलो.

झेन्झी दुपारी आली. दारात उंबरा उरला नाही, दगडावरून आली. टाकीसमोर मेणबत्ती लावली आणि माशाच्या टाकीपुढे माळ घेऊन उभी राहिली, डोक्याला रुमाल, एका गुडघ्यावर भार. देव तुला विश्रांती देवो, इग्नाझ. मला म्हणाली, तुम्हीही म्हणा, प्रोटेस्टंट असलात म्हणून काय झालं. म्हटलं. बेर्टा खात होती. त्या वेळी लाकूड हललं. किंचित, कुणीतरी कूस बदलावी तसं.

झेन्झीला दिसलं नाही. किंवा दिसलं.

४ नोव्हेंबर

ट्राउडलची पेटी गेली. आतले कपडे ठीक. चौकटी नाहीत म्हणून आरसा पडला, फोटो पडले. तिचा फोटो मी खिशात ठेवलाय. कागद आहे. कागद कशाचा करतात? लाकडाचाच ना.

घरातलं सगळं संपत आलं. सगळं संपल्यावर काय लागतं त्याला—

५ नोव्हेंबर

नखं तपकिरी. चहासारखी. घासून जात नाहीत.

मी रोज बारा बादल्या पाणी ओतलं, तो तपकिरी रंग येत होता कुठून, याचा तेव्हा विचार केला नाही.

दुखत नाही. मऊ वाटतं.

६ नोव्हेंबर

बेर्टाने दुसरी बाजू संपवली. मोजायला गेलो. करंगळीवर मोजायचं होतं, करंगळी— दुसऱ्या बोटावर मोजलं. जास्त वेगाने खातेय ती. पूर्वीपेक्षा. शाब्बास, बेर्टा.

तो आता शेजारी असतो. दगडावर लाकूड नाही, तरी कुणी पडून असल्यासारखी जागा ओली. रागावलेला नाही. वाट बघतोय. आम्ही दोघंही तिच्याकडेच बघत बसतो.

झेन्झीला बाहेरून सांगितलं, आत येऊ नका, तुमची काठी लाकडी आहे. ती म्हणाली, अहो, काठी गेली तर गेली. मी दार लावलं. म्हणजे दार नाही, टेम्पोवाला विसरून गेलेली ताडपत्री.

७

वहीची पानं कडेने गळतात. लवकर लिहितो. झेन्झी, हे तुमच्यासाठी, मोठ्या अक्षरात लिहितोय.

काकडी मंगळवारी आणि शनिवारी. सोलून, बिया काढून. पाणी आठवड्याला एक बादली, रात्रभर ठेवलेलं शिळं, गार नको. तांब्याचं जस्ताचं भांडं नको, ती मरेल. लाकूड काढू नका. कुणी काही म्हणो. पोप म्हणो, ओडॉर्फर म्हणो. गाळ ओहोळात ओतताना ते दोन शब्द म्हणा, तुम्हाला येतात. अडीच वर्षं. आता कमी. ती अडीच वर्षं जगली की तो सुटेल, तुमच्या बाकड्याला काही—

पेन्सिलीचं लाकूड गेलं. नुसतं शिसं धरून लिहितोय. धरायला बोटं—

ट्राउडलला सांगा ती उपाशी नाही. ऐकू येतंय इथपर्यंत. खर्र, खर्र. आणि माझ्या नावाने फळी करू नका. केलीच तर देवदाराची, स्वस्तातली. ओक न